अंग आपलं, कर्ज गटाचं

आम्ही बारा जणींच्या बचत गटाकडून बोलतोय. आजचा विषय चावडीवर निघत नाही, पण नळावर आणि गटाच्या बैठकीत हळू आवाजात निघतोच. बाळंतपणं होतात, पोरं अंगावर पिऊन मोठी होतात आणि छाती ओघळते, रिकामी वाटायला लागते. मग ती ऑपरेशनने पुन्हा भरून घ्यावी का? असं ऑपरेशन आता पुण्या-मुंबईत सर्रास होतं, मोबाइलवर त्याच्या जाहिराती येतात आणि त्या आपल्या वाडीवस्तीवरही पोचल्यात. रेडिओ मोठ्याने लावला असेल आणि जवळ पुरुषमाणूस बसलं असेल तर बसू द्या, त्यांच्याही कानावर जाऊ दे. शब्द आम्ही सरळच वापरणार आहोत, स्तन. पोटाच्या दुखण्याला आपण पोटच म्हणतो ना, तसं.

हा विषय आमच्याकडे कर्जाच्या रजिस्टरातून आला. रजिस्टरात कर्जाच्या कारणाचा रकाना असतो. तिथं शेळी, बियाणं, पोराची फी, दवाखाना असं लिहायची आपल्याला सवय. आमच्यातल्या एकीने सचिव ताईंना लिहायला सांगितलं, "छातीचं ऑपरेशन." सगळ्या एकदम गप्प झाल्या, कारण सगळ्यांना वाटलं, गाठ आहे. मग तिनंच सांगितलं की गाठबीठ काही नाही, दोन पोरांनंतर छाती पार उतरलीय, ती नीट करून घ्यायचीय.

त्यावर बैठक बराच वेळ चालली. आमच्या आक्का म्हणाल्या, "अगं, देवानं ज्यासाठी दिलं होतं ते काम झालं. आता त्याची काय पूजा मांडायची हाय?" दुसरी लगेच म्हणाली, "आक्का, तुमच्या नातवाच्या जावळाला पंधरा हजार उचलले, तेव्हा जावळ आधी का खत आधी, असं कुणी विचारलं होतं का?" कुणी म्हणालं, नवऱ्याने टोमणा मारला असेल, नाही तर हिच्या डोक्यात हे येतंय कशाला? त्यावर ती जे बोलली ते आम्ही तिच्या परवानगीने सांगतोय. "त्यांचं तर म्हणणं, कशाला पैसा घालवायचा. मलाच पाहिजे. दोन बाळंतपणं झाली, नसबंदी झाली, ज्याचं त्याला देऊन झालं. आंघोळीला बसले की हे अंग दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं मला."

यावर काय बोलणार? त्या दिवशी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. आधी माहिती काढायची असं ठरलं. तिच्याबरोबर आम्ही तिघी आरोग्यवर्धिनी केंद्रातल्या मॅडमना भेटलो, जिल्ह्याच्या गावी बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि शेवटी पुण्याला प्लास्टिक सर्जनकडे जाऊन आलो. तिथं जे कळलं आणि त्यावर आम्हाला जे वाटलं, ते आज सांगतोय.

पहिली गोष्ट, स्तनात स्नायू नसतो. आत चरबी असते, दुधाच्या ग्रंथी आणि नळ्या असतात, त्यांना धरून ठेवणारे चिवट पट्टे असतात आणि वरून कातडी. छातीचा स्नायू असतो तो मागे, बरगड्यांवर. गरोदरपणात ग्रंथी वाढतात, स्तन जड होतात, कातडी ताणली जाते. दूध तुटलं की ग्रंथी आवळतात, पण ताणलेली कातडी तेवढी आवळत नाही. गच्च भरलेल्या पोत्यातलं निम्मं धान्य काढलं की पोतं जसं दिसतं, तसं होतं. पुढे काही महिन्यांत थोडी चरबी परत धरते, थोडा भरीवपणा येतो. पहिल्यासारखं मात्र बहुतेकींचं होत नाही. हा आजार नाही, बाईच्या शरीराची रीतच आहे.

आता एक गोष्ट सासवांनी आणि सुनांनी दोघींनीही ऐकावी. दूध पाजल्याने छाती ओघळते, असं आपण धरून चालतो. त्यापायी एखादी नवी आई दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच बाटली धरते. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या शल्यचिकित्सकांनी नेमका हाच प्रश्न तपासला आणि २००८ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. स्तनांच्या ऑपरेशनची चौकशी करायला आलेल्या बायकांपैकी ९३ जणींना गरोदरपण येऊन गेलेलं होतं. त्यात पाजलेल्या होत्या आणि न पाजलेल्याही होत्या. दोघींच्या ओघळण्यात पाजण्यामुळे फरक दिसला नाही. फरक दिसला तो वयामुळे, गरोदरपणं किती झाली त्यामुळे, अंगाचं वजन आणि आधीचा आकार यामुळे, आणि बिडी-सिगारेटमुळे. म्हणजे जे होतं ते गरोदरपणात होतं. पाजलं नाही तरी ते होणारच, वर बाळ उपाशी.

तंबाखूचं निघालंच आहे तर मिश्रीचंही बोलू. आपल्याकडे बिडी ओढणारी बाई विरळा, पण सकाळी मिश्री लावल्याशिवाय चहा न घेणाऱ्या घरोघरी आहेत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. कुठलंही ऑपरेशन करायचं तर तंबाखूने जखम भरायला उशीर लागतो, कातडीला रक्त कमी पोचतं. सर्जननी तिला दुसराच प्रश्न तो विचारला. ती लाजली, मग आमच्याकडे बघून "लावते" म्हणाली. आधी काही आठवडे पूर्ण बंद, नंतरही बंद, असं त्यांनी बजावलं.

बाजारात तेलं, मलमं, गोळ्या, पंप मिळतात. चोळल्याने छाती भरते, उचलते, असं डब्यावर लिहिलेलं असतं. मैत्रिणींनो, १९५४ साली केंद्र सरकारने जादूई उपायांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा केला. ज्या गोष्टींवर औषधाची जाहिरातच करायची नाही अशी एक यादी त्यात आहे. तिच्यात कर्करोग आहे, मधुमेह आहे आणि बाईच्या छातीचा आकारही आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सत्तर वर्षं झाली या कायद्याला, तरी त्या डब्या बाजारात आहेतच. पाचशे रुपये तिथं घालण्यापेक्षा नीट मापाची ब्रेसियर घ्या. आठवडी बाजारात आपण अंदाजाने उचलतो, पट्टा पाठीत रुततो आणि आधार मात्र मिळत नाही. टेपने छातीखालचं आणि छातीवरचं अशी दोन मापं घेऊन जा. व्यायामाने मागचा स्नायू घट्ट होतो, पाठ सरळ राहते, तेवढ्यानेही बरं दिसतं. स्तन स्वतः काही व्यायामाने वर जात नाहीत.

आता ऑपरेशन. सिलिकॉनची पिशवी असते, आत घट्ट जेलसारखा पदार्थ. तिला इम्प्लांट म्हणतात. पूर्ण भूल देऊन, कातडीला चीर देऊन ती स्तनाच्या मागे किंवा छातीच्या स्नायूखाली बसवतात. जगात सिलिकॉनची पिशवी पहिल्यांदा बसवली ती १९६२ साली, अमेरिकेत, ह्यूस्टन शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या दोन डॉक्टरांनी. बाई होती टिमी जीन लिंडसे, सहा मुलांची आई. ती गेली होती छातीवरचं गोंदण काढायला. डॉक्टरांनी विचारलं, हे नवीन करून बघायचं का? तिला खरं तर कान नीट करून हवे होते. कानांचंही करून देऊ म्हटल्यावर ती तयार झाली. पुढे पन्नास वर्षांनीही त्या पिशव्या तिच्या अंगात होत्या आणि ती पत्रकारांना मुलाखती देत होती. आम्हाला ही गोष्ट ऐकून हसू आलं आणि वाईटही वाटलं. सहा लेकरांची गरीब बाई कान मागते आणि तिला दिलं जातं ते डॉक्टरांना बघायचं होतं ते. आमच्या मैत्रिणीचं तसं नाही. ती स्वतः मागतेय. म्हणून तर तिला सगळं सांगून, मग विचारायला हवं.

सर्जननी तिला तपासलं आणि जे सांगितलं ते आम्हाला कुणालाच आधी माहीत नव्हतं. ऑपरेशनं दोन वेगवेगळी असतात. पिशवी घातली की स्तन भरतात, पण फार ओघळलेले असतील तर ती त्यांना वर उचलत नाही. उलट तिच्या वजनाने पुढे आणखी ओढ बसते. वर उचलायचं ऑपरेशन निराळं. त्यात जादा कातडी कापून काढतात, बोंडी वर बसवतात आणि व्रण जास्त राहतात. कुणाकुणाला दोन्ही लागतात. पोरं झाल्यावर येणाऱ्या बायकांची अडचण पुष्कळदा आकाराची नसते, ओघळण्याची असते. हिचंही तेच निघालं. म्हणजे मोबाइलवर बघून जे करायचं ठरवून ती गेली होती, ते एकटं करून तिचं समाधान झालंच नसतं.

आणि तिची धाकटी पावणेदोन वर्षांची आहे, रात्री अजून पिते. दूध पूर्ण बंद झाल्यावर निदान सहा महिने थांबायचं, स्तन स्थिर झाल्यावर पुन्हा यायचं, असं त्यांनी सांगितलं. पुढं मूल हवं असेल तर अजिबात घाई करायची नाही, कारण गरोदरपणात पुन्हा सगळं बदलतं आणि खर्च पाण्यात जातो. ज्या डॉक्टरांनी आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं, त्यांच्यावर आमचा विश्वास बसला. त्याआधी आम्ही फोनवर एका ठिकाणी चौकशी केली होती. तिथं काही न विचारताच तारीख मिळत होती आणि हप्त्यांची सोयसुद्धा.

इम्प्लांट जन्माला पुरत नाही, हे नीट ध्यानात घ्या. अमेरिकेत औषधं आणि उपकरणं तपासणारी सरकारी संस्था आहे, एफडीए. ती स्पष्ट सांगते की जितकी वर्षं जास्त, तितकी बिघडण्याची आणि पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता जास्त. आकार वाढवायला इम्प्लांट घातलेल्या दर शंभरातल्या वीस जणींपर्यंत ते आठ-दहा वर्षांत काढावं लागतं, असं तिचं सांगणं आहे. तिशीत घातलं तर साठीपर्यंत किती वेळा टेबलावर झोपावं लागेल ते तुम्हीच मोजा. काय बिघडतं? पिशवीभोवती शरीर स्वतःचा पापुद्रा करतं, तो कधी आवळतो, मग स्तन दगडासारखा कडक होतो, दुखतो. पिशवी फुटू शकते, आणि सिलिकॉनची फुटली तर बाहेरून कळतही नाही. म्हणून एफडीए म्हणते की पाच-सहा वर्षांनी एकदा आणि मग दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून बघा. बोंडीची संवेदना कमी होऊ शकते. जंतुसंसर्ग होऊ शकतो. फार थोड्या बायकांमध्ये इम्प्लांटभोवतीच्या पापुद्र्यात रक्तपेशींचा एक प्रकारचा कर्करोग होतो. खरबरीत पृष्ठभागाच्या पिशव्यांशी त्याचा संबंध दिसला, म्हणून २०१९ साली अ‍ॅलर्गन कंपनीला तशा पिशव्या जगभरातून परत घ्याव्या लागल्या. २०२१ पासून अमेरिकेत इम्प्लांटवर चौकटीत ठळक इशारा छापावा लागतो आणि ऑपरेशनआधी डॉक्टरांनी बाईला एकेक धोका वाचून दाखवायचा असतो.

फ्रान्समध्ये तर त्याहून वाईट घडलं. पीआयपी नावाची कंपनी वैद्यकीय सिलिकॉनऐवजी कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरत होती. २०१० मध्ये ते उघड झालं, तोवर त्या पिशव्या साठाहून जास्त देशांतल्या बायकांच्या अंगात गेल्या होत्या. मालकाला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. बायकांना मात्र आपल्या अंगात नेमकी कुठल्या कंपनीची पिशवी आहे हेच शोधत फिरावं लागलं. म्हणून ऑपरेशन केलंत तर कंपनी, नंबर आणि तारीख लिहिलेलं कार्ड मागून घ्या आणि सातबारा ठेवता तिथं ठेवा.

आता आपल्या कामाचं. जाहिरातीतली बाई आठवड्यात ऑफिसला जाते. आपलं ऑफिस म्हणजे डोईवर हंडा, वैरणीचा भारा, भांगलण, गोठा. चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही, हात डोक्यावर ताणायचे नाहीत. धाकटीला कडेवरसुद्धा घ्यायचं नाही. मैत्रिणीने बाकी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पण इथं तिच्या कपाळाला आठी पडली. त्या दीड महिन्यात धारा कोण काढणार? घरात सांगितलंच नाही तर कडेवर का घेत नाहीस याला उत्तर काय देणार? गुपचूप करण्यासारखं हे ऑपरेशन नाही. घरातला एक तरी माणूस बाजूचा हवाच.

मग राहिला पैसा. लाखाच्या खाली आकडा आम्हाला कुणी सांगितला नाही. दोन्ही ऑपरेशनं मिळून त्याच्या पुष्कळ वर गेला. सरकारी योजनेच्या कार्डावर दिसण्यासाठीचं ऑपरेशन बसत नाही. कर्करोगाचं बसतं, ती गोष्ट वेगळी. आमच्या गटात बारा जणी महिन्याला दोनशे टाकतात, म्हणजे वर्षाला २८,८०० रुपये. दीड लाख एकीला दिले तर पाच वर्षांची बचत एका जागी अडकली. शेकडा एक रुपया दराने पहिल्या महिन्याचं व्याजच दीड हजार. आणि पावसाळ्यात कुणाला साप चावला, कुणाची सून अवेळी अडली, तर पेटी रिकामी.

यावर आमच्यात दोन बैठका झाल्या. शेवटी जे ठरलं ते आम्हाला योग्य वाटतं, तुम्हाला पटलं नाही तर कळवा. गटाने कारणावर बोट ठेवायचं नाही, रकमेवर ठेवायचं. जिवावरचं दुखणं सोडून बाकी कुठल्याही कारणाला, मग ते जावळ असो, मोबाइल असो की स्तनांचं ऑपरेशन, तीस हजारांच्या वर अंतर्गत कर्ज नाही, आणि फेड ठरल्या हप्त्याने. तीस हजार आम्ही तिला देऊ, बाकीची जमवाजमव तिची. आक्कांनी यावर सही केली. मन बदललं म्हणून नव्हे, नियम सगळ्यांना सारखा म्हणून. त्यांनी ते तसं बोलूनही दाखवलं. सचिव ताईंनी कारणाच्या रकान्यात "छातीचं ऑपरेशन" तसंच ठेवलं.

गरिबाच्या बाईने दिसण्याचा विचार करू नये, असं बोलणाऱ्यांना एक सांगायचंय. २०१८ च्या फेब्रुवारीत तमिळनाडू सरकारने चेन्नईच्या स्टॅन्ली या सरकारी रुग्णालयात स्तनांची शस्त्रक्रिया मोफत सुरू केली, दिसण्यासाठीचीसुद्धा. तिथल्या आरोग्यमंत्र्यांचं म्हणणं होतं की सौंदर्याचे उपचार गरिबांना का मिळू नयेत? त्यावर टीकाही झाली, की आधी जीव वाचवणाऱ्या उपचारांना पैसा द्या. आमच्या गटातही या दोन्ही बाजूंच्या बाया आहेत आणि त्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. आमच्या मते टीकेत तथ्य आहे. पण ती टीका सरकारच्या तिजोरीबद्दलची आहे. बाई स्वतःच्या मजुरीतून काही करू बघते तेव्हा तीच टीका तिच्या तोंडावर मारायची, हे बरोबर नाही.

सर्जनकडे जाणार असाल तर एकट्या जाऊ नका, आणि कागदावर प्रश्न लिहून न्या. तुमची पदवी प्लास्टिक सर्जरीतली एम. सीएच. किंवा डीएनबी आहे का? मला पिशवी लागेल की उचलण्याचं, की दोन्ही? भूल देणारे डॉक्टर कोण? बिघडलं तर पुन्हा करायचा खर्च कोणाचा? व्रण कुठं राहतील? पिशवी काढून टाकली तर स्तन कसे दिसतील? हा शेवटचा प्रश्न आमच्या मैत्रिणीनेच विचारला. आहेत त्याहून जास्त रिकामे दिसू शकतील, असं उत्तर आलं. परत येताना एसटीत ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. करायचं की नाही, तिनं अजून ठरवलेलं नाही. धाकटीचं दूध तोडायला घेतलंय आणि मिश्रीची डबी चुलीत टाकलीय, एवढं झालंय.

आणि ऑपरेशन करा की न करा, स्तन तपासून घ्या. तीस वर्षांवरच्या सगळ्या बायांची तपासणी आरोग्यवर्धिनी केंद्रात फुकट होते, आशाताईंना विचारा. न दुखणारी गाठ, बोंडीतून रक्त किंवा पाणी, बोंडी अचानक आत ओढली जाणं, कातडीला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात जा. इम्प्लांट असेल तर मॅमोग्राफी करताना आधी सांगा, कारण पिशवीमागचा भाग झाकला जातो आणि जादा फोटो घ्यावे लागतात.

आमच्याकडे आलेल्या चिठ्ठ्यांतली एक घेतो आणि थांबतो. एका ताईंनी विचारलंय, इम्प्लांट घातल्यावर पुढे मूल झालं तर दूध येईल का? पुष्कळ जणींना येतं, पण खात्री कुणी देत नाही. चीर बोंडीभोवती दिली तर दुधाच्या नळ्या कापल्या जायची शक्यता जास्त, स्तनाखालच्या घडीत दिली तर कमी. म्हणून ताई, मूल हवं असेल तर आधी मूल होऊ द्या, पोटभर पाजा. दूध तुटल्यावर सहा महिन्यांनी आरशात बघा आणि तेव्हाही मनात असेल तर आम्हाला कळवा. पुण्याची एसटी आम्हाला आता माहीत झालीय, बरोबर येऊ.